कॅमेरा चालू आहे हे त्यांना ठाऊक आहे: ‘द ऑफिस’ कशी पाहायची

‘द ऑफिस’च्या अमेरिकी आवृत्तीच्या पहिल्याच भागात शाखा व्यवस्थापक मायकल स्कॉट आपल्या केबिनमध्ये बसून कॅमेऱ्यासमोर कॉफीचा मग धरतो. मगवर लिहिलेलं असतं, ‘जगातला सर्वोत्तम बॉस’. माझ्याविषयी यात सगळं आलं, अशा थाटात तो बोलतो आणि त्याच दमात सांगून टाकतो, की हा मग त्याला भेटवस्तूंच्या एका दुकानात मिळाला. कुणी प्रेमानं दिलेला नाही. त्यानंच विकत आणलाय.

यावर कुणीही हसत नाही. मागून हशा ऐकू येत नाही, विनोद झाल्याची खूण करणारं संगीत वाजत नाही. कॅमेरा त्याच्या समाधानी चेहऱ्यावर जरा रेंगाळतो आणि पुढे निघून जातो. ही मालिका पहिल्यांदा लावणारे अनेकजण इथेच अडखळतात. कॅमेरा सारखा हलतो, माणसं मध्येच आपल्याकडे बघतात, कथेत काही घडतच नाही आणि बॉस तर असा की त्याच्याऐवजी आपल्यालाच लाज वाटावी. मग यात लोकांना इतकं काय सापडलं? प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन या कंपनीच्या मोजणीनुसार २०२० या एका वर्षात अमेरिकेत नेटफ्लिक्सवर ही मालिका सुमारे ५,७०० कोटी मिनिटं पाहिली गेली, आणि तेव्हा तिचा शेवटचा भाग प्रसारित होऊन सात वर्षं झाली होती.

मला वाटतं, या मालिकेची किल्ली एका न दिसणाऱ्या पात्राकडे आहे. ते पात्र म्हणजे त्या कार्यालयात माहितीपट बनवायला आलेलं पथक: कॅमेरा धरणारी माणसं, प्रश्न विचारणारा कुणीतरी, आवाज टिपणारा कुणीतरी. ही माणसं कथेबाहेरची नाहीत. कथेतल्या प्रत्येकाला ती दिसतात. कोण त्यांच्यासमोर कसं वागतं आणि ती नाहीत असं समजून कसं वागतं, या दोन वागण्यांमधल्या फटीत ‘द ऑफिस’चा सगळा विनोद आहे. सगळा जिव्हाळाही तिथेच आहे.

आधी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण ‘द ऑफिस’ एक नाही. मूळ मालिका ब्रिटनची. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट या दोघांनी लिहिलेली आणि दिग्दर्शित केलेली ही मालिका ९ जुलै २००१ रोजी बीबीसी टूवर सुरू झाली. लंडनच्या पश्चिमेला स्लाउ नावाचं गाव आहे, तिथल्या वर्नम हॉग या काल्पनिक कागद कंपनीत ती घडते. बॉसचं नाव डेव्हिड ब्रेंट, भूमिका खुद्द जर्वेसची. सहा-सहा भागांची दोन पर्वं आणि २००३च्या नाताळात दोन विशेष भाग, असे एकूण १४ भाग करून त्यांनी ती थांबवली. अमेरिकी आवृत्ती ग्रेग डॅनियल्स यांनी उभी केली. ती २४ मार्च २००५ ते १६ मे २०१३ या काळात एनबीसी या वाहिनीवर नऊ पर्वं आणि २०१ भाग चालली. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं स्क्रँटन शहर, डंडर मिफ्लिन ही पुन्हा काल्पनिक कागद कंपनी, आणि मायकलच्या भूमिकेत स्टीव्ह करेल.

कागद विकणारी कंपनी दोन्हीकडे आहे ते उगाच नाही. सगळं जग संगणकाकडे सरकत असताना ही माणसं फोनवरून कोऱ्या कागदाची रिमं विकतात. धंदा आटत चाललेला, आणि दोन्ही मालिकांची सुरुवातच कपातीच्या बातमीनं होते: दोन शाखांपैकी एक बंद होणार. त्यामुळे बॉसची प्रत्येक बढाई आणि ‘आम्ही म्हणजे एक कुटुंब’ हे प्रत्येक पालुपद नोकरी जाण्याच्या टांगत्या तलवारीखाली उच्चारलं जातं.

आता माहितीपटाचं सोंग कुठून आलं ते पाहू. साधारण १९६०च्या सुमारास खांद्यावर पेलता येतील असे १६ मिलिमीटरचे कॅमेरे आणि त्यांच्या जोडीनं जागेवरच आवाज टिपणारी हलकी यंत्रं माहितीपट बनवणाऱ्यांच्या हाती आली. स्टुडिओ, तिपाई, दिव्यांचा लवाजमा न नेता माणसांच्या मागोमाग हिंडता येऊ लागलं. चित्र हलायचं, मध्येच धूसर व्हायचं, बोलणाऱ्याला शोधायला कॅमेरा उशिरा वळायचा. हे सगळे खरं तर दोष. पण प्रेक्षकांच्या मनात हेच दोष खरेपणाच्या खुणा बनले. इतकं गबाळं आहे म्हणजे नक्की खरं असणार, ही सवय आपल्याला तेव्हापासून लागली.

मॉक्युमेंटरी या खुणा उसन्या घेते. वस्तू काल्पनिक, वेष्टन माहितीपटाचं. रॉब रायनर यांच्या १९८४च्या ‘धिस इज स्पायनल टॅप’ या चित्रपटानं एका काल्पनिक रॉक बँडवर ‘माहितीपट’ केला आणि हा प्रकार लोकांच्या नजरेत भरला. मात्र ही फसवणूक नव्हे. बीबीसीनं १ एप्रिल १९५७ रोजी ‘पॅनोरमा’ या गंभीर कार्यक्रमात स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून स्पॅगेटी, म्हणजे पिठाच्या लांब शेवया, तोडली जात असल्याचं दाखवलं होतं. ती थाप होती, लोकांनी ते खरं मानावं यासाठीच केलेली. मॉक्युमेंटरीत आपल्याला पहिल्या मिनिटापासून माहीत असतं की हे नट आहेत. आपण सोंग ओळखूनच त्यात रमतो.

जर्वेस आणि मर्चंट यांच्यापुढे नमुना होता तो मात्र याहून जवळचा. १९९०च्या दशकात ब्रिटिश टीव्हीवर साध्या नोकरदारांच्या मागे कॅमेरा लावून केलेल्या मालिकांचं पेव फुटलं होतं. विमानतळावरचे कर्मचारी, ड्रायव्हिंग शिकणारी माणसं. त्यातली परीक्षेत वारंवार नापास होणारी एक बाई देशभर प्रसिद्ध झाली होती. त्या मालिका पाहिल्या की डेव्हिड ब्रेंट नीट कळतो. आपल्या ऑफिसात कॅमेरा आला म्हणजे आपणही प्रसिद्ध होणार, अशी त्याची खात्री आहे. तो बॉस म्हणून काम करतच नाही, लोकांना आवडणाऱ्या बॉसचं काम करतो. समोर बसलेले कर्मचारी हे त्याचे श्रोते नाहीत, कॅमेऱ्यामागचा अदृश्य प्रेक्षक हा त्याचा श्रोता आहे.

चार भिंती

नेहमीची विनोदी मालिका कशी चित्रित होते ते एकदा डोळ्यांसमोर आणू. अमेरिकेत १९५१ साली सुरू झालेल्या ‘आय लव्ह लूसी’नं रूढ केलेली पद्धत अशी: सेटला तीन भिंती, चौथ्या बाजूला खुर्च्यांवर बसलेले खरेखुरे प्रेक्षक, आणि एकाच वेळी चालणारे तीन कॅमेरे. नट बोलतात, प्रेक्षक हसतात, नट हशा ओसरेपर्यंत थांबतात. पुढे चार्ल्स डग्लस नावाच्या तंत्रज्ञानं ध्वनिमुद्रित हशांची पेटीच बनवली आणि प्रेक्षक नसतानाही हशा पेरता येऊ लागला. आपल्याकडच्या विनोदी कार्यक्रमांत मध्येमध्ये परीक्षकांचे हसरे चेहरे दाखवतात, त्याचंही काम तेच: इथे हसा, हे सांगणं.

‘द ऑफिस’च्या सेटला चारही भिंती होत्या. बसायला प्रेक्षक नव्हते, हशाची पेटी नव्हती. पार्श्वसंगीतही नाही, शीर्षकगीताची धून तेवढी सुरुवातीला वाजते. (तिच्याबरोबर दिसणारी स्क्रँटन शहराची काही दृश्यं जिम या विक्रेत्याचं काम करणाऱ्या जॉन क्रसिन्स्कीनं भूमिका मिळाल्यावर तिकडे जाऊन स्वतः चित्रित केली होती.) कॅमेरा कुठेही वळू शकतो, त्यामुळे ज्यांचं त्या दृश्यात एकही वाक्य नाही असे नटही आपापल्या टेबलाशी बसून असायचे. त्यांच्या टेबलांवरचे संगणक खरोखर चालू असत, त्यांवर इंटरनेट असे. मागच्या बाजूला कुणीतरी खरंच काही टाइप करतंय, कुणी पत्त्यांचा डाव लावून बसलंय, हे ऑफिसचं वातावरण अशा रीतीनं आपोआप तयार झालं.

रँडल आइनहॉर्न या सिनेमॅटोग्राफरचा या शैलीत मोठा वाटा आहे. ‘सर्व्हायव्हर’सारख्या रिअॅलिटी मालिकेत काम करून तो इथे आला होता. पुढे काय घडणार हे न कळता माणसांमागे कॅमेरा घेऊन धावणं म्हणजे काय, हे त्याला अंगवळणी पडलेलं होतं. इथे तर हातात लिहिलेली संहिता असायची, कारण ही मालिका वाटते तितकी उत्स्फूर्त नाही, बहुतेक संवाद लिहिलेलेच आहेत. तरीही कॅमेऱ्यानं मात्र काही माहीत नसल्यासारखं वागायचं. विनोदी वाक्य पडून गेल्यावर किंचित उशिरा वळायचं, ऐकणाऱ्याचा चेहरा शोधायचा, सापडला की झपकन जवळ घ्यायचा. हा उशीर फार कसबाचा आहे. कॅमेरा आधीच तिथे तयार असता, तर विनोद रचलेला आहे हे जाणवलं असतं.

आणि हशा नसल्यामुळे जी शांतता उरते, तिचा विनोदाला सगळ्यात मोठा उपयोग होतो. दुसऱ्या भागाचंच उदाहरण घ्या. मायकलनं एका कृष्णवर्णीय विनोदी कलावंताच्या कार्यक्रमाची नक्कल केल्यामुळे मुख्यालयातून वंशभेदावर प्रशिक्षण द्यायला माणूस पाठवला जातो. त्या माणसाला बाजूला सारून मायकल स्वतःच प्रशिक्षण देऊ लागतो. प्रत्येकाच्या कपाळावर एकेका वंशाचं नाव लिहिलेलं कार्ड चिकटवतो आणि भारतीय वंशाच्या केली कपूरसमोर भारतीय दुकानदाराची बेसुमार नक्कल करतो. ती त्याच्या थोबाडीत मारते. हशा असता तर आपण त्या आवाजात लपलो असतो. शांततेत लपायला जागा नसते, आपणही त्या खोलीत बसलेलो असतो आणि सगळ्यांबरोबर कानकोंडे होतो. पुष्कळांना नेमकं हेच सहन होत नाही, आणि ते मी समजू शकतो. पण मायकलच्या वागण्याला ही मालिका टाळी देत नाही, ते लक्षात घ्यायला हवं. केली कपूरचं काम करणारी मिंडी केलिंग या मालिकेच्या लेखकांपैकीही एक होती. पुढे तिनं दिवाळीवर एक भाग लिहिला, तो नोव्हेंबर २००६ मध्ये दाखवला गेला. ऑफिसातले सगळे केलीच्या निमंत्रणावरून दिवाळीच्या समारंभाला जातात. अमेरिकी विनोदी मालिकेत भारतीय कुटुंबाचा सण असा घरच्या माणसानं लिहिलेला क्वचितच दिसला असेल.

स्वगत आणि मुलाखत

या मालिकेत माणसं मध्येच एकटी बसून कॅमेऱ्याशी बोलतात. मराठी प्रेक्षकाला यात नवं काय, असं वाटू शकतं. आपल्या नाटकांत स्वगत किती जुनं आहे. शिवाय ‘बिग बॉस’मधली कन्फेशन रूमही आता घरोघरी माहीत आहे. पण स्वगत आणि ही मुलाखत यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो ध्यानात आला की अर्धी मालिका उलगडते.

स्वगत कुणालाही उद्देशून नसतं. पात्र रंगमंचावर एकटं आहे, आपण प्रेक्षक त्याच्या जगात नाहीच, म्हणून ते जे बोलतं ते त्याच्या मनातलं खरं, हा नाटकाचा करार असतो. स्वगतात खलनायकसुद्धा खरं बोलतो. ‘द ऑफिस’मधल्या मुलाखतीत मात्र समोर खराखुरा माणूस बसलाय. त्यानं प्रश्न विचारलाय, तो आपल्याला ऐकवला जात नाही एवढंच. उत्तर देणारा या अनोळखी माणसासमोर आपली प्रतिमा सांभाळून बोलतो. थापा मारतो, सारवासारव करतो, फुशारकी मारतो. आणि लगेच पुढच्या दृश्यात कॅमेरा त्या बोलण्याची शहानिशा करतो. मायकल म्हणतो माझी माणसं मला मित्र मानतात, आणि पुढच्या क्षणी त्याच माणसांचे आंबलेले चेहरे आपल्यासमोर येतात. लेखकाला टिप्पणी करावीच लागत नाही, दोन तुकडे एकमेकांना चिकटवले की विनोद तयार.

याचा एक सुंदर प्रकार म्हणजे वेड्यासारखी गोष्ट अत्यंत तर्कशुद्ध रीतीनं समजावणं. दुसऱ्या पर्वात मायकलचा पाय भाजतो. कसा? तो कॅमेऱ्याला शांतपणे सांगतो: सकाळी बेकनच्या वासानं जाग यावी असं वाटतं, पण करून देणारं कुणी नाही, म्हणून रात्री पलंगाशेजारी इलेक्ट्रिक ग्रिलवर बेकनच्या पट्ट्या मांडून ठेवायच्या, सकाळी बटण लावून पुन्हा झोपायचं. त्या दिवशी उठताना पाय ग्रिलवर पडला. यात हसू येतंच. पण त्या माणसाच्या घरी न्याहारी करून देणारं कुणी नाही, हेही त्या बोलण्यातून आपल्याला कळून जातं, त्याला सांगायचं नसताना.

काही पात्रं मात्र मुलाखतीत खोटं बोलत नाहीत, कमी बोलतात. विक्रेता जिम आणि रिसेप्शनिस्ट पाम यांची प्रेमकथा अशीच आहे. पामचं दुसऱ्याशी लग्न ठरलेलं आहे, त्यामुळे जिमला काही बोलता येत नाही. वंशभेदाच्या त्या प्रशिक्षणाच्या दिवशी जिमचा वर्षातला सगळ्यात मोठा ग्राहक त्याचा सहकारी विक्रेता ड्वाइट पटकावतो, कमिशनचा मोठा तुकडा जातो. संध्याकाळी कंटाळवाण्या बैठकीत डुलकी लागलेल्या पामचं डोकं थोडा वेळ त्याच्या खांद्यावर टेकतं. मुलाखतीत तो इतकंच म्हणतो, की दिवस काही वाईट गेला नाही. प्रश्नकर्त्याला काय कळलं असेल ते असो, आपल्याला सगळं कळतं, कारण आपण तो खांदा पाहिलेला आहे.

जिमची ती प्रसिद्ध नजरही इथे समजून घ्यायला हवी. काही अचाट घडलं की तो मान वळवून सरळ कॅमेऱ्याकडे बघतो. काही बोलत नाही. संस्कृत नाटकात तीन बोटांच्या आडून एकालाच ऐकू जाईल असं बोलण्याची युक्ती होती, जनांतिक. जिमचं बघणं त्या जातीचं आहे: भरल्या खोलीत एकालाच साक्षीदार करून घेणं. पथकालाही हे वेडगळ वाटत असणार, या भरवशावर तो बघतो. ड्वाइट कधी तसा बघत नाही, कारण त्याला आपल्या वागण्यात वेडगळ काही दिसतच नाही. तो कॅमेऱ्याकडे बघतो तेव्हा आपला पराक्रम नोंदला गेला ना, याची खात्री करून घेण्यासाठी. पात्रांचे स्वभाव नुसत्या या बघण्यावरून ओळखता येतात.

दुरून, काचेआडून

मुलाखत म्हणजे सांगितलेलं. याच्या उलट टोकाला आहे टिपलेलं. अमेरिकी मालिकेनं ब्रिटिश मालिकेकडून घेतलेली ही गोष्ट इतकी फुलवली, की माझ्या मते तिचं खरं मोठेपण इथेच आहे.

एखादं दृश्य अर्धवट लावलेल्या पट्ट्यांच्या पडद्याआडून, दाराच्या फटीतून, पार्किंगच्या दुसऱ्या टोकावरून दिसलं, की समजायचं: पथक लपलंय आणि समोरच्या माणसांना आपण एकटे आहोत असं वाटतंय. म्हणजे आता जे दिसेल ते खरं. नेहमीच्या चित्रपटात भावना तीव्र झाली की कॅमेरा जवळ जातो, चेहरा पडदाभर होतो, व्हायोलिन वाजतात. इथे अगदी उलट चालतं. प्रसंग जितका खाजगी, तितका कॅमेरा लांब.

पाचव्या पर्वाच्या सुरुवातीला जिम पामला लग्नाची मागणी घालतो. एका हमरस्त्यालगतचा पेट्रोल पंप, धो धो पाऊस, आणि कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे. मधून गाड्या सुसाट जातायत. तो गुडघ्यावर बसलेला आपल्याला गाड्यांच्या फटींतून दिसतो. हे सगळं एका मोकळ्या आवारात पंपाचा सेट उभारून, गाड्या फिरवत ठेवून, कृत्रिम पाऊस पाडून केलेलं होतं. काही सेकंदांसाठी एवढा खटाटोप, आणि तो कशासाठी, तर आपण हे चुकून पाहिलं असं वाटावं म्हणून.

त्याच पर्वाच्या शेवटच्या भागात याहून पुढची पायरी आहे. कंपनीच्या सहलीत व्हॉलीबॉल खेळताना पामचा घोटा दुखावतो, ते दोघं इस्पितळात जातात. कॅमेरा बाहेर, दाराच्या काचेतून आत बघतोय. डॉक्टर काही सांगतात. ते आपल्याला ऐकू येत नाही. आपल्याला दिसतात फक्त दोघांचे चेहरे, आणि मग एकमेकांना मारलेली मिठी. पाम गरोदर आहे हे कुणीही न सांगता कळतं. संवाद लिहिणाऱ्यांनी संवादच काढून घेतला, आणि चार वर्षं हे दोघं ज्यांना माहीत होते त्या प्रेक्षकांना तेवढं पुरलं.

सांगितलेलं आणि टिपलेलं एकमेकांवर आदळतं तो क्षण तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस येतो, मे २००७ मध्ये. पाम मुलाखत देत बसली आहे. जिमचं आणि माझं कधी जुळलंच नाही, आणि आता ते ठीकच आहे, असं ती स्वतःची समजूत घालत बोलतेय. तेवढ्यात दार उघडतं. जिम आत डोकावतो, माफी मागतो, संध्याकाळी जेवायला येशील का विचारतो. ती हो म्हणते, तो दार ओढून घेतो. पाम पुन्हा कॅमेऱ्याकडे वळते, डोळे भरलेले, आणि विचारते: माफ करा, प्रश्न काय होता? तीन पर्वं ज्या खुर्चीत बसून सगळे आपापली प्रतिमा जपत होते, त्या खुर्चीत एका माणसाला प्रतिमा जपायची आठवणच राहत नाही.

स्टीव्ह करेल सातव्या पर्वात मालिका सोडून गेला, तेव्हाही लेखकांनी याच साधनाचा वापर केला. एप्रिल २०११च्या त्या भागात विमानतळावर मायकल पथकाला म्हणतो, हे कधी प्रसारित झालं तर मला कळवा, आणि कपड्यांतला माइक काढून त्यांच्या हाती देतो. इतकी वर्षं कॅमेऱ्यासाठी जगलेला माणूस कॅमेऱ्याचा निरोप घेतोय. मागून पाम धावत येते, त्याला मिठी मारते, दोघं बोलतात. माइक नाही, म्हणून आपल्याला काही ऐकू येत नाही. कॅमेऱ्यापासून काहीही राखून न ठेवणाऱ्या मायकलचं हे एकच बोलणं त्याचं स्वतःचं राहतं.

पथक किती अलिप्त?

माणसांचं खाजगी आयुष्य टिपत हिंडणाऱ्यांनी किती मध्ये पडायचं, हा खऱ्या माहितीपटकारांना छळणारा प्रश्न आहे. मालिकेनं तो टाळला नाही. चौथ्या पर्वाच्या आरंभी जिम आणि पाम आपलं प्रेम लपवू पाहतात. पथक त्यांना गाडीत एकमेकांचं चुंबन घेताना टिपतं आणि ते चित्रण मुलाखतीत त्यांनाच दाखवतं. नाइलाजानं ते कबूल करतात. नवव्या पर्वात उलट घडतं. पाम रडत असते, आणि बूम माइक धरणारा ब्रायन चित्रीकरण थांबवायला सांगून तिची समजूत घालायला पुढे येतो. आठ वर्षं न दिसलेला माणूस अचानक चौकटीत. ब्रायनचं पुढचं उपकथानक मला लांबलेलं वाटतं. पण त्या एका क्षणी, इतकी वर्षं आपण कुणाच्या नजरेतून बघत होतो, याची जाणीव झडझडून होते.

मायकल स्कॉटबद्दल एक गोष्ट राहिली. पहिलं पर्व सहाच भागांचं होतं, त्यातला पहिला भाग तर ब्रिटिश संहितेची जवळजवळ नक्कल. प्रेक्षकसंख्या घसरत गेली. डेव्हिड ब्रेंटचा कोरडा दुष्टपणा १४ भाग पुरतो. वर्षाला वीसहून अधिक भाग करणाऱ्या अमेरिकी वाहिनीवर असा माणूस लोक किती काळ घरात येऊ देतील? दुसऱ्या पर्वापासून लेखकांनी मायकलला मऊ केलं. तो मूर्ख राहिला, पण त्याच्या मूर्खपणाच्या मुळाशी एकटेपणा दिसू लागला, आणि तो खरोखर उत्तम विक्रेता आहे हेही एका भागात सिद्ध झालं. त्याला अजून काढून का टाकलं नाही, या प्रश्नाचं उत्तर मिळालं. २००६ मध्ये मालिकेला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला.

या शैलीचे वारसदार अनेक. ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’ आणि ‘मॉडर्न फॅमिली’ या दोन्ही २००९च्या मालिकांत मुलाखती आहेत, कॅमेऱ्याकडे बघणं आहे, पण चित्रण कोण करतंय आणि का, हा प्रश्न जवळपास सोडूनच दिलेला. त्यामुळे त्या वाईट ठरत नाहीत, मात्र तिथे मुलाखत पुन्हा स्वगताकडे झुकते आणि न दिसणारं पात्र पुसट होतं. २०२१ पासूनची ‘अॅबट एलिमेंटरी’ मला याबाबतीत जास्त प्रामाणिक वाटते. फिलाडेल्फियातल्या पैशांची चणचण असलेल्या एका सरकारी शाळेत पथक आलंय, आणि शिक्षकांना त्याचं भान आहे. तिच्या दिग्दर्शकांमध्ये आइनहॉर्नही आहे. खुद्द ‘द ऑफिस’ची रूपं जर्मनी, फ्रान्स, इस्रायल, फिनलंड अशा अनेक देशांत झाली. हिंदी आवृत्ती २०१९ मध्ये हॉटस्टारवर आली: फरिदाबाद, विल्किन्स चावला ही कागद कंपनी, बॉस जगदीप चड्ढाच्या भूमिकेत मुकुल चड्ढा. २०२५ मध्ये डॅनियल्स यांनीच सहनिर्माण केलेली ‘द पेपर’ आली. त्यात डंडर मिफ्लिनचं चित्रण करणारं तेच पथक आता ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात, गळती लागलेल्या एका वर्तमानपत्राच्या कार्यालयात पोहोचलंय.

सुरुवात करायची असेल तर अमेरिकी मालिकेचा पहिला भाग आवडला नाही म्हणून सोडू नका. वंशभेदाच्या प्रशिक्षणाचा दुसरा भाग पाहा आणि सरळ दुसऱ्या पर्वावर जा. पाहताना प्रत्येक दृश्यात एकच गोष्ट तपासत राहा: कॅमेरा आत्ता कुठे उभा आहे, आणि समोरच्या माणसाला तो दिसतोय का. दुसरं पर्व संपतं त्या भागात ऑफिसात जुगाराची रात्र असते, तो स्टीव्ह करेलनं स्वतः लिहिलेला आहे. तिथपर्यंत पोहोचलात की पार्किंगमध्ये जिम पामशी काय बोलतो याइतकंच, कॅमेरा त्यांच्या जवळ जातो का, याकडेही लक्ष द्या. ब्रिटिश मालिका त्यानंतर पाहिलीत तर उत्तम. ती लहान आहे, जास्त बोचरी आहे, आणि तिच्या शेवटच्या दोन भागांत डेव्हिड ब्रेंटनं स्वतःवर झालेला हा माहितीपट टीव्हीवर पाहिलेला आहे. आपण तिथे कसे दिसलो याबद्दल त्याची तक्रार आहे, आणि त्याचा सगळा दोष तो संकलनाला देतो.